खाडीतली कनू आणि कॅमेरा : वार विचारू नका, तिथी विचारा

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या आतल्या अंगाला, खाडीकाठच्या एका गावातले दोघे चुलतभाऊ फोटोग्राफरांसाठी भल्या सकाळी कनू, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, काढतात. दोन तासांचे अडीच हजार, तेही कनूमागे, माणशी नाही. वल्हवणारा त्यांचाच. होडी चांगली, वल्हवणारा दादा फारच चांगला, बुकिंगची पद्धत मात्र रद्दड. योग्य दिवशी गेलात तर पैसे पुरेपूर वसूल होतात. पण योग्य दिवस कुठला, हे ते आपणहून सांगत नाहीत. नाव लिहीत नाही, कारण घरचा धंदा आहे आणि खाली माझ्या तक्रारीही आहेत. ज्यांना जायचंय त्यांना नंबर देईन.

माझा स्वतःचा धंदा लग्नाच्या फोटोंचा, नौपाड्यात. पौषात मुहूर्तांचा दुष्काळ, त्यामुळे आम्हाला सवड मिळते ती ऐन थंडीत. वर्षभर स्टेजवरचे एलईडी, हळदीचा पिवळा आणि डोक्यावर ड्रोनची भुणभुण सोसल्यावर असं काहीतरी टिपावंसं वाटतं, ज्याला 'इकडे बघा' म्हणावं लागत नाही. डोंगर आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब हे मला तसं वाटलं होतं. प्रत्यक्षात पाणी नवरदेवाच्या मामापेक्षा जास्त नखरे करतं.

जागा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्यापाशी येते. तिथून एक बारीक फाटा कळव्याकडून ठाण्याच्या खाडीला मिळतो आणि मोठा प्रवाह पश्चिमेला वळून घोडबंदरच्या अंगाने वसईकडे समुद्राला जातो. म्हणजे आपण ज्याला घोडबंदरची खाडी म्हणतो ती उल्हासच. दक्षिणेला येऊरचे डोंगर. उत्तरेच्या काठावर नागला ब्लॉकचं जंगल, म्हणजे आपल्या संजय गांधी नॅशनल पार्कचाच खाडीपलीकडे राहिलेला तुकडा, आणि त्याच्या मागे तुंगारेश्वर, कामणदुर्ग. रस्त्यावरून हे सगळं मेट्रोच्या खांबांमधून फटीफटीने दिसतं. पाण्यावर गेलं की एका रेषेत उलगडतं.

मग होडीच कशाला, जेटीवरून काढा की फोटो, असं आमच्या असिस्टंटनेही विचारलं. जेटीवरून किंवा पुलावरून पाण्याकडे खाली वाकून बघितलं की पाणी स्वतःचाच रंग दाखवतं, आणि आपल्या खाडीचा रंग कसला आहे हे ठाणेकराला सांगायला नको. नजर जितकी पाण्याच्या पातळीला येईल तितकं पाणी समोरचा उजेड जास्त परतवतं. कनूत बसल्यावर डोळा पाण्याच्या वर जेमतेम तीन फूट असतो. कॅमेऱ्याचा स्क्रीन वर वळणारा असेल तर कॅमेरा काठाबाहेर, पाण्याच्या वर वीतभर धरता येतो. तेवढ्याने गढूळपणा दिसेनासा होतो आणि डोंगर दोनदा दिसायला लागतो, एकदा सुलटा आणि एकदा उलटा.

आता तिथीचं. या सगळ्या प्रकरणातली खरी गोम तीच आहे.

मला त्यांनी पहिल्यांदा दिलेला दिवस रविवार होता. फोनवर मी विचारलं, "त्या दिवशी पाणी कसं असेल?" उत्तर आलं, "मस्त, मॅडम. रविवारी फुल्ल असतं." फुल्ल होतं ते बुकिंग. आदल्या दिवशी पौर्णिमा झालेली. उजाडताना धक्क्यावर पोचले तर खाडीचं पाणी पार मधल्या पात्रात गेलेलं, दोन्हीकडे चकचकीत चिखल, आणि त्या चिखलात निवट्या माशांची धावपळ. निवट्या बघायला मजा येते, नाही असं नाही. पण धक्क्याच्या खालच्या पायऱ्या, ज्या एरवी पाण्याखाली असतात, त्या शेवाळाने बुळबुळीत आणि वर कालवांची धारदार टरफलं चिकटलेली. एका हाताने कॅमेऱ्याची बॅग आणि दुसऱ्या हाताने दादाचा खांदा धरून उतरावं लागलं. आणि पात्रात गेल्यावर? कनू खाली, चिखलाचे काठ वर. डोंगराचा निम्मा भाग काठानेच खाल्लेला. पाण्यात प्रतिबिंब होतं, पण चिखलाचं.

वल्हं मारता मारता दादाच म्हणाला, "पानी बगाचा आसंल तं अष्टमी-नवमीला या, ताय. रविवारचा काय, नुसती सुट्टी."

हा हिशेब किनाऱ्यावर कुणालाही विचारा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीची पाऊणपट सहा; म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. दशमीची साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला तीच वेळ दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे सकाळी सहाला पूर्ण ओहोटी ठरलेली. हे झालं मुंबईच्या किनाऱ्याचं. आत खाडीत पाणी त्याच्या मागून चढतं, त्यामुळे अष्टमीची भरती आपल्याकडे बरोबर उजाडायच्या वेळेला येऊन ठेपते. थंडीत सूर्य सातच्या आगेमागे उगवतो. जुळलं ना गणित?

त्यात दुसरा फायदा. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण, मुंबईच्या किनाऱ्यावर तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. एवढं पाणी सहा तासांत आत यायचं आणि सहा तासांत बाहेर जायचं म्हटल्यावर ते धावतच असतं, आणि धावत्या पाण्यात डोंगराच्या चिंध्या होतात. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती. फरक निम्म्याहून कमी, ओढ कमी. खाडी भरलेली, पण शांत. भरती पुरी होऊन ओहोटी लागायच्या मधे पाणी थोडा वेळ कुठेच जात नाही. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच.

मी लग्नाच्या तारखांसाठी टेबलावर बारा महिने पंचांग ठेवणारी बाई. त्यात शोधलं, पौष वद्य अष्टमी, मधलाच वार. फोन करून तोच दिवस मागितला. पलीकडे दोन क्षण शांतता, मग "मॅडम, त्या दिवशी कोणी येत नाही." मी म्हटलं, म्हणूनच हवा.

त्या सकाळचं काम वेगळंच होतं. धक्क्याच्या वरच्या पायरीवरून पाऊल थेट कनूत. तिवरांच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या, श्वसनमुळं पाण्याखाली गेलेली, आणि त्यांच्याबरोबर तिथे अडकलेला बराचसा प्लॅस्टिकचा कचराही. वारा नव्हता. इथे हेही सांगते, की थंडीत सकाळी साधारण नऊ-दहापर्यंत खाडी निवांत असते, नंतर समुद्राकडून वारं सुटतं आणि संध्याकाळपर्यंत पाण्यावर बारीक सुरकुत्या राहतात. म्हणून 'सनसेट स्लॉट' ते विकत असले तरी प्रतिबिंबासाठी मी तो घेणार नाही. टॉवरच्या खिडक्यांचे दिवे पाण्यात लांबट, थरथरते हवे असतील तर तो चालेल.

तिवरांपासून बरंच लांब, पात्राच्या मध्यावर नेऊन दादाने वल्हं उचललं आणि आडवं मांडीवर घेतलं. "आता पानी थांबलाय. तुमी काढा." तो वल्हं नुसतं हवेत धरत नाही, मांडीवर घेतो, याचं कारण मला तेव्हा कळलं. पात्यावरून गळणारा एकेक थेंब पाण्यात वर्तुळ उठवतो आणि ते वर्तुळ फ्रेमच्या मध्यावर येऊन डोंगराला भोक पाडतं. त्याने पातं आधी कनूच्या आत निथळवलं, मग आडवं ठेवलं. कुणी शिकवलं म्हटलं तर हसला. आधी एक फोटोवाला सारखा ओरडायचा म्हणे.

होडीबद्दल. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी होडी, वल्ह्याला एकच पातं. यांच्याकडच्या हिरव्या, जाड प्लॅस्टिकच्या आहेत. कयाकपेक्षा मला ही फोटोला सोयीची वाटली : बसायची जागा उंच, समोर सामान ठेवायला जागा, आणि दोन पात्यांच्या वल्ह्याचं पाणी मांडीवर ओघळत नाही. तळाशी बोटभर पाणी साचतंच, म्हणून त्यांनी मासळीचा प्लॅस्टिकचा क्रेट उलटा टाकून वर रबरी चटई बांधलीय. बॅग त्यावर. दिसायला ओबडधोबड, पण एवढी कामाची युक्ती मी महागड्या रिसॉर्टातही पाहिली नाही. क्रेटला वास आहे, तेवढा सोसा.

तुम्ही पुढे बसता, दादा मागे. उजवीकडचा फोटो हवा म्हणून कमरेतून वळू नका. होडी कलते, क्षितिज कलतं, आणि दादाचा जीव खालीवर होतो. "नाळ (होडीचं पुढचं टोक) जरा येऊरकडे" एवढं सांगितलं की तो अख्खी होडी अलगद वळवतो. ट्रायपॉड घरी ठेवा. ट्रायपॉड होडीवर उभा आणि होडी पाण्यावर, त्याला स्थिर कोण म्हणेल? लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सांभाळतं, वाहत जाणाऱ्या होडीचं त्याच्याकडे औषध नाही. मी शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा संथ होऊ दिलं नाही, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवावी लागली तर वाढवली. थोडा दाणा आला तरी चालतो, हललेला डोंगर चालत नाही.

फोकसचं एक सांगते, कारण यात भलेभले अडकतात. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर चिकटवलेलं नसतं. डोंगर जितका लांब, तितक्याच लांब त्याचं प्रतिबिंब. म्हणून फोकस डोंगरावर किंवा त्याच्या उलट्या कड्यावर. होडीजवळ तरंगणाऱ्या तिवराच्या पानावर केलात तर पान धारदार आणि प्रतिबिंब मऊ येणार. होडीतून जवळचं पाणी हातभर अंतरावर असतं, तेव्हा दोन्ही धारदार मिळवायचा हट्ट सोडावा आणि एक काहीतरी निवडावं.

दुसरं, प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची हुबेहूब नक्कल नव्हे. पाणी खालून बघतं. काठाजवळ गेलात तर पाण्यात तिवरं उंच होतात आणि मागचा डोंगर झाकून टाकतात, डोळ्यांना तो वर नीट दिसत असला तरी. दादाने मला मध्यावर नेलं होतं ते यासाठीच. शिवाय प्रतिबिंब मूळ दृश्यापेक्षा काळोखं असतं. मी आकाश जपून मोजते आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, खालचा भाग उजळते. लग्नात पांढरी टोपी जपायची सवय इथे कामाला आली.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, नेलात तर तो डोळे मिटून फिरवू नका. पाण्याच्या पातळीशी साधारण 37 अंशांचा कोन असतो तिथे तो प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो. मग त्याच्यासाठीच आलो होतो ना आपण? वर एक-दीड स्टॉप, म्हणजे निम्मा किंवा त्याहून जास्त, उजेडही खातो, जो उजाडताना मुळातच थोडा असतो. मी डोंगरासाठी तो काढूनच ठेवला. ऊन वर आल्यावर तिवरांच्या पानांवरची चमक मारायला लावला, तिथे छान चालला.

आणि लेन्स होडीत बदलू नका. 24-70 लावा आणि तीच ठेवा.

आता तक्रारी. लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, ते योग्यच, पण त्यांच्याकडची जॅकेटं छातीवर एवढी जाड आहेत की कॅमेरा गळ्यात घेतला तर हनुवटीला लागतो. पट्टा मनगटाला गुंडाळावा लागतो. ड्राय बॅग देतात, मात्र माझ्या वाट्याला आलेलीचं बक्कल तुटकं होतं. स्वतःची न्या, तोंडाला तीन घड्या घालून मगच बक्कल लावा. दोन तास मोजतात ते तुम्ही धक्क्यावर पोचल्यापासून, होडी सुटल्यापासून नव्हे. जॅकेट घालण्यात, आधार कार्डाचा फोटो काढण्यात आणि फॉर्म भरण्यात माझा बराच उजेड गेला. अंधारातच पोचलात तरी दादा येईपर्यंत सुटका नाही. बाथरूम नाही. बायकांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

शनिवार-रविवारी दुसऱ्या कनूत प्री-वेडिंगवाले असतात. लांब शेपटाचा गाऊन, धुराची नळकांडी, ब्लूटूथ स्पीकर. त्यांच्या लाटा पोचतात, गाणीही पोचतात. मी बोलणारी कोण, माझंही पोट त्यावरच आहे, पण दोन्ही गिऱ्हाइकांना एकाच वेळी एकाच पाण्यावर सोडू नये एवढं तरी करा. मच्छीमारांच्या इंजिनच्या बोटीही जातात. त्यांना नावं ठेवायचा आपल्याला हक्क नाही, खाडी त्यांची. बोट गेली की पाणी जुळायला वेळ लागतो, तोवर चहा प्या. चहा दादाच्या थर्मासमध्ये असतो, गोड मिट्ट, मागितला तर मिळतो.

सगळ्यात मोठी तक्रार अर्थात बुकिंगची. त्यांच्या चार्टवर वार आणि तास आहेत, तिथी नाही, भरतीची वेळ नाही. वल्हवणाऱ्या माणसाला खाडी तोंडपाठ आणि फोन उचलणाऱ्याला तिचा पत्ता नाही, असा प्रकार. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्राची फ्लेमिंगोंसाठी बोटफेरी असते, तिथे फेऱ्यांच्या वेळा भरती-ओहोटी बघूनच ठरतात. मग इथे दोन कनूंसाठी ते जमू नये?

ऐरोलीचं निघालंच आहे तर, काहीजण विचारतात की तिकडे जाऊ की इकडे. दोन्ही कामं वेगळी. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 चं, 2022 मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला तो पट्टा पक्ष्यांचा. रोहित बघायचे तर तिकडेच जा, थंडी सरल्यावर गर्दी चांगली असते. पण ती इंजिनची मोठी बोट, बसायला उंच, आणि पक्षी लांब, म्हणजे चारशे मिमीची लेन्स तरी हवी. आणि आपली कनू घेऊन अभयारण्यात घुसायचा विचार कुणी करत असेल तर करू नका, परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही. घोडबंदरच्या बाजूला पक्षी म्हणाल तर बगळे, खंड्या, एखादी ब्राह्मणी घार. मला एक राखी बगळा मिळाला, कंबरभर धुक्यात, पायांखाली स्वतःचीच उलटी मान घेऊन उभा. तो फोटो आता स्टुडिओच्या काउंटरमागे आहे आणि अल्बम निवडायला आलेली माणसं अल्बम सोडून त्याचीच किंमत विचारतात.

घरी आल्यावर आळस नको. खाडीचं पाणी खारं, त्याचा एक शिंतोडाही धातूला खातो. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी, लेन्सची रिंग, पट्ट्याच्या कड्या पुसा, मग कोरड्याने. नंतर सिलिका जेलच्या डब्यात. ठाण्याच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागायला निमित्तच पुरतं.

कुणी जाऊ नये? ज्यांना पाण्याची भीती आहे त्यांनी. पोहता येतं का हे ते फॉर्मवर विचारतात, पण सोबत दुसरी बोट नसते. ज्यांना गुडघे वाकवून दोन तास बसता येत नाही त्यांनीही विचार करावा. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनी खुशाल जावं. पाण्याजवळ धरायला मोबाइल कॅमेऱ्यापेक्षा सोपा, फक्त मनगटाला दोरी बांधा.

फोन रात्री आठनंतर करा, सकाळी ते पाण्यावर असतात. तारीख सांगताना सोबत तिथी सांगा आणि अष्टमी ते दशमी यांतलाच दिवस मागा. पावसाळ्यात कनू बंद असते. वयस्कर दादाच हवा असं ठामपणे सांगा, धाकटा मुलगा चांगला आहे पण वल्हं कनूच्या काठावर आपटतो. निम्मे पैसे आधी जीपेवर, उरलेले धक्क्यावर. तारीख एकदा बदलून मिळते, पैसे परत मिळत नाहीत. पावती मिळते, पण मागावी लागते.